माझ्या मापाची निब

हे सांगावं का गिळावं, असा दोन दिवस विचार करून राहिले होते मी. पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल. मी निदान मीठ तरी बेतानं टाकीन. तर ऐका. गाढवपणा झाला. कुणाचा? माझाच. आणि घरातल्या घरात झाला असता तर झाकला असता, हा नायगावहून लातूरला एसटीनं जाऊन केलेला आहे.

मी नायगावात बायकांचे कपडे शिवते. तीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि पोरीला तिकडं पाठवायला कुणी तयार नव्हतं. पण तालुक्यात कुणालाही विचारा, कमलमावशीसारखी बाही कुणाला बसवता येते का. न्हाई येत. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, फुशारकीनंच सांगते, तुमचं काय जातंय?

आणि माझ्याकडं सहा पेन आहेत. आता म्हणाल, पेन तर सगळ्यांकडंच असतात. तसले नाहीत हो. शाईचे. हातानं घडवलेले. एबोनाईट म्हणून कडक रबरासारखा एक पदार्थ असतो, त्याची कांडी लेथवर धरून माणूस एकेक पेन कातून काढतो. एक माझ्याकडं जांभळाच्या रंगाचा आहे. एक तपकिरी, त्यात पिवळे पट्टे, काकवीची धार सुटावी तसे. ड्रॉपरनं शाई भरायची, टोपण फिरवायचं, बरोबर अडीच फेऱ्यांत ते गच्च बसतं. मी शिवणारी बाई. कुठल्याही वस्तूवर हात फिरवला की बोटं आधी जोड शोधतात. या पेनांवर बोट फिरवा, जोड सापडला तर माझं नाव बदला.

लोक हसतात, हसू द्या. एक गिऱ्हाईक मला म्हणाली होती, चौथी शिकलेल्या बाईला एवढे पेन कशाला? मी तेव्हा तिच्या ब्लाऊजला टाचण्या लावून राहिले होते. म्हणलं, "तुझ्या गळ्यात सोनं हाय, मग तू काय सोनारीण हायेस का?" त्याच वेळी एक टाचणी तिला जरा टोचली. चुकून टोचली.

पहिले पाच पेन मी नांदेडच्या प्रदर्शनांतून घेतले. पण त्यांची निब तयार मिळायची. तयार निब म्हणजे बाजारातलं तयार ब्लाऊज. अंगात सगळ्यांच्या जातं, बसत कुणालाच नाही. मग कळलं, लातूरला रशीदभाई म्हणून एक कारागीर आहेत, ते पेन तर घडवतातच, वरून निबचं टोक माणसाच्या हाताप्रमाणं घासून देतात. जसा तुमचा हात, तशी निब. हे ऐकलं आणि मला झोप लागंना. मापाची निब! माझ्याच धंद्यातली गोष्ट आणि मला ठाऊक नव्हती?

फोन लावला. रशीदभाई मोठे अदबीचे. म्हणाले, आपा, एक पान पाठवा, शाईनं लिहिलेलं, तुमच्या हातचं. काय बी लिहा, पण फोटो नको, अस्सल कागद पाहिजे. मला दाब बघावा लागतो, वळण बघावं लागतं.

इथं माझी गाडी अडली.

माझं अक्षर मापाच्या वहीत चालतं. तिथं मीच लिहिते आणि मीच वाचते. पण लातूरच्या कारागिरापुढं ते ठेवायचं? मी बसले लिहायला. पहिलं पान फाडलं. दुसरं फाडलं. तिसरं बघून नवरा म्हणाला, हे काय, भाजीची यादी का? त्याला त्या दिवशी भाजी मिळाली नाही.

माझी सून वैशाली शाळेत शिकवते. तिचं अक्षर असं, की फळा पुसायच्या आधी पोरांच्या आया त्याचा फोटो काढून नेतात. मी तिला म्हणलं, बाई, एवढं एक पान लिहून दे. ती म्हणाली, मम्मी, पण पेन तुम्ही वापरणार ना? म्हणलं, लिही गुमान. काय लिहायचं म्हणून माझ्या दुकानातली पाटीच सांगितली तिला: माप ज्याचं त्यानंच द्यावं. बहिणीचं, जावेचं माप आणून मग शिवणारणीला दोष देऊ नये. दहा ओळी झाल्या, खाली माझं नाव टाकलं आणि पान लातूरला धाडून दिलं.

हसू नका. त्या वेळी मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं.

दोन महिन्यांनी पेन आला. माझ्या शिवणक्लासच्या वीस पोरी समोर बसलेल्या होत्या. उद्याचा रविवार सोडून पुढच्या रविवारी त्यांना प्रमाणपत्रं द्यायची होती आणि मी महिनाभर ऐकवून राहिले होते, की तुमच्या प्रमाणपत्रावरची सही साध्यासुध्या पेनाची नसणार, माझ्या मापाच्या पेनाची असणार. डबी उघडली. काय पेन होता! गर्द लाल, बोरासारखा, आणि हातात असा बसला जणू माझ्याच बोटांचा साचा घेतलेला. शाई भरली. पोरी मान लांब करून बघू लागल्या. मी कागदावर 'क' काढला.

कर्र.

परत काढला. कर्र, आणि कागदाला भोक. तिसऱ्यांदा शाईचा एवढा मोठा ठिपका पडला. मागच्या रांगेतली एक पोरगी हळूच म्हणाली, मावशी, नवा हाय म्हणून असंल. तिची कीव ऐकून माझी टाळू तापली. म्हणलं, फोन करायचा नाही. भांडण तोंडासमोर करावं लागतं, फोनवर त्याची चव जाते.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पहाटेची बस धरली. नायगाव ते नांदेड, नांदेड ते लातूर. पोटात चहाशिवाय काही नाही. रस्ताभर मी भाषण तयार केलं. मोठं जोरदार झालं होतं भाषण. त्यात 'इतक्या लांबून विश्वास ठेवला' हे वाक्य तीनदा होतं.

रशीदभाईंचं काम घरापुढच्या खोलीत चालतं. दारातून आत शिरले तर तिथं चार-पाच माणसं बसलेली. महिन्यातून एकदा पेनाचे शौकीन तिथं जमतात, हे मला काय ठाऊक? त्यात औशाचे एक रिटायर गुरुजी होते, पांढरा सदरा आणि खिशाला तीन पेन. मी कुणाकडं न बघता सुरू केलं, "भाई, मी नायगावची कमल. इतक्या लांबून विश्वास ठेवला…"

मला पुढं बोलूच दिलं नाही हो त्यांनी. रशीदभाई उठून उभे राहिले. बाकीचेही उभे राहिले. गुरुजींनी तर हात जोडले. म्हणाले, "या ताई, या. तुमच्या अक्षराचंच बोलून राहिलो होतो आम्ही."

भिंतीकडं बघितलं तर काचेच्या चौकटीत वैशालीचं पान. खाली माझं नाव.

गुरुजी म्हणाले, पस्तीस वर्षं मी पोरांना अक्षर शिकवलं, असं वळण दोनदाच बघितलं. मग त्यांनी ते पान सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माप ज्याचं त्यानंच द्यावं. किती खरं आहे, म्हणाले.

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? खरं सांगावं. मी काय केलं? पदर सावरला आणि म्हणलं, "लहानपणापासून सवय हाय."

झालं. इथून पुढं मला कुणी वाचवू शकत नव्हतं.

रशीदभाईंनी विचारलं, पेन कसा वाटला आपा? मी म्हणलं, सुंदर हाय, पण लिहीत न्हाई. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी निब भिंगाखाली धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली. म्हणाले, निबला काही झालेलं नाही. लई जपून घासली होती, कारण तुमचा हात वेगळा. मी म्हणलं, वेगळा म्हणजे?

"तुम्ही डावखुऱ्या ना," रशीदभाई म्हणाले.

मग त्यांनी सगळ्यांना ते पान समजावून दिलं. ही शिरोरेघ बघा. आपण डावीकडून उजवीकडं ओढतो, ही उजवीकडून डावीकडं ओढलेली आहे, जाड टोक बघा कोणत्या बाजूला आहे. आणि इथं ओल्या शाईवरून तळहात घासून गेलाय. उजवा माणूस पेन ओढतो, डावा माणूस ढकलतो. म्हणून निबचं टोक उलट्या बाजूनं घासावं लागलं. उजव्या हातात ही निब कागद खाणार. डाव्या हातात लोण्यासारखी चालणार. सगळे वा वा करून राहिले आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली.

वैशाली डावखुरी आहे. आता म्हणाल, सासूला ठाऊक नव्हतं का? होतं की. लग्नानंतर पहिल्या पंगतीत तिनं डाव्या हातानं भाकरी वाढली तेव्हा भाषण मीच दिलं होतं. पण लिहिलेला कागद बघताना त्यात हात कुठं दिसतो? आणि पेनाला डावं-उजवं काय कळतंय, असं मला वाटायचं. बहिणीचं ब्लाऊज मापाला आणणाऱ्या बायकांना तीस वर्षं झापलं मी. आणि स्वतः सुनेचं माप लातूरला पाठवून बसले, वरून त्याच विषयावरची पाटी लिहून!

तरी तोंडातून काय निघालं? "हाव. डावखुरीच हाय मी."

भिंतीवरचं नाव खाली उतरवायला जीभ तयार होईना.

तेवढ्यात भाभी आल्या, रशीदभाईंच्या घरवाल्या. हातात शिऱ्याच्या ताटल्या. तुपाचा असा वास सुटला, की पहाटेपासून रिकामं असलेलं माझं पोट सगळ्यांसमोर बोललं. पण खाणार कोणत्या हातानं? डाव्या हातानं त्या माउलीचं अन्न खायचं, हे मला जमणार नव्हतं. उजव्यानं खावं तर गुरुजी टक लावून बघत बसलेले. म्हणलं, माझा उपास हाय. गुरुजी म्हणाले, रविवारी कसला उपास? म्हणलं, नवसाचा. सगळ्यांनी माझ्यासमोर शिरा खाल्ला. काजू होते त्यात.

मग लिहून दाखवायची वेळ आली. मी पेन डाव्या हातात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. जीभ बाहेर आली, मान तिरकी झाली आणि एकेक अक्षर भिंत बांधावी तसं रचत गेले. माप ज्याचं त्यानंच द्यावं. एका ओळीला पाच मिनिटं लागली असतील. पण काय सांगू, निब सरसर चालली. कर्र नाही, ठिपका नाही. त्या माणसाची कारागिरी बघून मला स्वतःची लाज आणि त्याचा अभिमान दोन्ही एकदम वाटले. गुरुजी म्हणाले, अक्षर जरा बदलल्यासारखं वाटतंय. म्हणलं, बसचा हादरा. हात अजून लातूर रोडवरच हाय.

सुटले होते हो मी. खरंच सुटले होते. पिशवी उचलली होती. आणि भाभी आतून एक कापड घेऊन आल्या.

मोरपंखी रेशीम. भाचीच्या लग्नासाठी घेतलेलं. म्हणाल्या, आपा, फोनवर तुम्हीच सांगितलं होतं, तालुक्यात तुमच्यासारखी शिवणारीण नाही, तर माझं एवढं ब्लाऊज फक्त कापून द्या. इथला शिंपी बिघडवील म्हणून चार महिने पेटीत ठेवलंय. असं म्हणून त्यांनी जुनं ब्लाऊज मापाला दिलं, खडू दिला आणि कात्री पुढं ठेवली.

खोलीतले सगळे डावखुऱ्या बाईची करामत बघायला सरसावून बसले.

खडूनं आखलं कसंबसं. मग डाव्या हातात कात्री घेतली. कात्रीची पाती उजव्या हातासाठी असतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल, मला तीस वर्षं ठाऊक आहे. डाव्या हातात ती कापत नाही, कापड चावते. मी पात्यांच्या मध्ये कडेचा एक धागा घेऊन बघितला. रेशीम दुमडलं. भाभींच्या डोळ्यांत बघितलं. त्या बाईनं किती भरवशानं ते कापड दिलं होतं.

पेनाची लाज गेली तर जाऊ दे. माझ्या कात्रीखाली कापड बिघडलं असं लातुरात कुणी म्हणायला नको.

कात्री उजव्या हातात घेतली आणि कापलं. गळा, मोंढा, बाही, कटोरी. एकदाही थांबले नाही. खोलीत फक्त कात्रीचा आवाज. शेवटचा तुकडा वेगळा करून मी भाभींना म्हणलं, "आता कुणाकडूनही शिवून घ्या, बिघडणार न्हाई."

भाभी कापड छातीशी धरून उभ्या. रशीदभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आपा," ते हळूच म्हणाले, "कात्री तर उजव्या हातात काय चालते तुमची."

मग मी एका दमात सगळं ओकले. सून, पान, चौथी, भाजीची यादी, सगळं. नवसाचा उपाससुद्धा. गुरुजी इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. रशीदभाई मात्र हसले नाहीत. म्हणाले, मी हात बघून निब घासतो, नाव बघून नाही. तुमचा खरा हात दाखवा. त्यांनी साधा पेन दिला. मी उजव्या हातानं तीच ओळ लिहिली, फरफर, माझ्या नेहमीच्या अक्षरात. भाभींनी मधल्या वेळात शिरा आणला. मी दोन ताटल्या खाल्ल्या. काजू वेचून आधी.

रशीदभाई म्हणाले, अर्ध्या तासात निब उजव्या हाताची करून देतो. त्यांनी मशीन सुरू करायला हात पुढं केला तर गुरुजी म्हणाले, थांबा. त्यांनी माझे दोन्ही कागद शेजारी ठेवले, डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचा. बराच वेळ बघितले. मग डाव्या हाताचा उचलला.

"ताई, राग मानू नका," गुरुजी म्हणाले, "पण हे वाचता येतंय."

खरंच येत होतं हो. सावकाश, जपून काढलेलं होतं ना. उजव्या हाताचं मी लिहिलेलं मलाच लागेना.

दुसरी कुणी असती तर तिनं निब मुकाट्यानं घासून घेतली असती. मी म्हणलं, भाई, निबला हात लावू नका. एवढं चांगलं काम उसवायचं नाही. निब हाय तशी राहू द्या, मी हात बदलते. रशीदभाईंनी त्या वेळी माझ्याकडं जसं बघितलं, तसं माझ्याकडं माझ्या लग्नातसुद्धा कुणी बघितलं नव्हतं. भिंतीवरच्या पानाखाली त्यांनी माझ्यादेखत वैशालीचं नाव लिहिलं.

आठवडाभर मी सराव केला. मशीन बंद ठेवून. वैशाली शेजारी बसून शिकवायची आणि मी चुकले की 'पुन्हा काढा' म्हणायची, पोरांना म्हणते तसं. ऐकून घेतलं. रविवारी वीस पोरींच्या वीस प्रमाणपत्रांवर डाव्या हातानं सही केली. एका सहीला एक मिनिट. पोरी श्वास धरून बसल्या होत्या. शेवटची सही झाली तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि वाजायलाच पाहिजे होत्या. पन्नाशीला आलेल्या किती बाया नवा हात शिकतात?

तेव्हापासून मी सगळीकडं डाव्याच हातानं सही करते. ग्रामसभेच्या वहीत, गॅसवाल्याच्या कागदावर. मुद्दाम पदर सावरून, टोपण सावकाश फिरवून, शेजारच्यांना बघायला वेळ मिळेल अशी.

मागच्या मंगळवारी बँकेत गेले. रांग मोठी होती, म्हणजे बघणारेही पुष्कळ. लाल पेन काढला, सही केली. आतल्या पोरानं सही बघितली, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, परत सही बघितली. म्हणाला, मावशी, सही जुळत नाही. म्हणलं, सुधारली हाय. तो म्हणाला, जुनीच पाहिजे. उजव्या हातात पेन घेतला, कर्र, कागदाला भोक. त्यानं दोरीला बांधलेला बॉलपेन पुढं सरकवला. आता तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक झालाय. मी म्हणलं, "सहा पेनांची मालकीण हाय मी. दोरीचा पेन हातात धरत न्हाई."

"मग अंगठा लावा," तो म्हणाला आणि शाईचा डबा उघडला.

मागं सगळी रांग. त्यात माझ्या क्लासच्या दोन पोरी. मी कोणता म्हणून विचारलं, तर म्हणतो, डावा.

लावला. आणि तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या डाव्या हातानं एवढी स्वच्छ सही आजवर केलेली नाही.